‘रिंगा रिंगा रोझेस’ खरोखर प्लेगाचे गाणे आहे काय?

बालवाडीत मुले हातात हात घालून, गोल फिरत म्हणतात ते ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे गाणे म्हणजे लंडनमधील १६६५ सालच्या प्लेगाचे सांकेतिक वर्णन आहे, असे सांगणारा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘रिंग’ म्हणजे रोग्याच्या अंगावर उठलेले गुलाबी चकंदळ, ‘पोझेस’ म्हणजे रोग टळावा म्हणून खिशात बाळगलेली फुले, तिसऱ्या ओळीतली शिंक (इंग्लंडमधल्या प्रचलित पाठात ‘अटिशू, अटिशू’) म्हणजे अखेरचे लक्षण आणि सर्वांचे खाली पडणे म्हणजे मृत्यू, अशी त्याची फोड केली जाते. ही फोड ऐकताक्षणी पटते, हे मान्य आहे. परंतु तिचा एकेक दुवा तपासू लागले की तो हातात टिकत नाही.

पहिला प्रश्न काळाचा. इंग्लंडमध्ये हे गाणे प्रथम छापले गेले ते १८८१ मध्ये, केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या बालगीतसंग्रहात. म्हणजे त्या प्लेगानंतर २१६ वर्षांनी. लोकगीते छापली जाण्याच्या कितीतरी आधीपासून तोंडी चालत आलेली असतात, हा आक्षेप रास्तच आहे. अमेरिकेतील न्यू बेडफर्ड येथे हे गाणे १७९० च्या सुमारास म्हटले जात असे, असे विल्यम वेल्स न्यूएल या संग्राहकाने १८८३ मध्ये नोंदवलेही आहे. पण ते खरे धरले तरी सव्वाशे वर्षांची पोकळी उरते आणि ती भरून काढणारी एकही ओळ दाव्याचे समर्थक दाखवत नाहीत. काही जण तर गाण्याचे मूळ थेट चौदाव्या शतकातील ‘काळा मृत्यू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लेगाच्या साथीपर्यंत नेतात, तिथे ही पोकळी सुमारे साडेचारशे वर्षांची होते.

लक्षणांचेही तसेच. गाठीच्या प्लेगात जांघेत किंवा काखेत गाठी येतात, प्रचंड ताप चढतो, अंगावर काळपट डागही पडू शकतात. गुलाबी कडे ही काही त्याची ओळख नव्हे, आणि शिंकणे तर नव्हेच.

शिंकेपाशी थोडे थांबायला हवे, कारण साऱ्या दाव्याचा भार तिच्यावर आहे. ग्रीनअवेच्या १८८१ च्या पाठात शिंक नाहीच, तिथे ‘हश! हश! हश! हश!’ असे शब्द आहेत. न्यूएलने दिलेल्या, १७९० च्या म्हणून सांगितलेल्या पाठातही ती नाही. आपल्याकडची मुले तर ‘हशा बुशा, ऑल फॉल डाउन’ म्हणतात, म्हणजे त्यांच्याही तोंडी शिंक नाही. शिंक हाच गाण्याचा गाभा असता, तर ती जुन्या पाठांत ठळक दिसायला हवी होती.

फुलांच्या बाबतीत मात्र दाव्यात तथ्याचा अंश आहे. दूषित हवेने रोग पसरतो अशी तेव्हा समजूत असल्यामुळे लोक वासाचे पदार्थ जवळ बाळगत. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने जून १६६५ मध्ये दारांवर लाल फुली, म्हणजे प्लेगाची खूण, असलेली घरे पाहिली आणि हुंगायला व चघळायला तंबाखू विकत घेतली, असे त्याच्या रोजनिशीत आहे. पण लोक फुले बाळगत होते एवढ्यावरून गाण्यातली फुले तीच, हे सिद्ध होत नाही.

शिवाय, हे सारे संकेतात दडवण्याची गरज कोणाला होती? पेपिसने प्लेगाबद्दल उघड लिहिले, डॅनियल डिफोने १७२२ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक रचले. महाराष्ट्राला तर हे वेगळे सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. गावे ओस पडली आणि माणसे रानात झोपड्या घालून राहिली. या आठवणी आपल्याकडे प्लेगाचे नाव घेऊनच सांगितल्या जातात.

एकोणिसाव्या शतकात हे गाणे टिपून घेणाऱ्या न्यूएल आणि अ‍ॅलिस गॉम यांनीही त्याच्या संदर्भात प्लेगाचे नाव काढलेले नाही. हा अर्थ रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे गाण्याच्या मानाने अगदी अलीकडे.

राहिले ते खाली पडणे. कोणत्याही बालवाडीत पाहा: मुले धपकन बसतात, खिदळतात आणि लगेच ‘परत, परत’ म्हणून हात पुढे करतात. पडण्याच्या त्या क्षणासाठीच तर ती गोल फिरत असतात. न्यूएलने वर्णन केलेल्या खेळात मधोमध उभे राहिलेले मूल ‘रोझी’, म्हणजे गुलाबाचे झाड असते. गाणे संपताच सगळी मुले एकदम खाली वाकतात आणि जे मूल सर्वांत शेवटी वाकते, त्याला एखादी शिक्षा होते किंवा मध्ये जाऊन गुलाबाचे झाड व्हावे लागते.