पांढऱ्या घोड्याची सावली

पेन्सिलीने घोड्याला सावल्या कशा द्याव्यात यावरच्या माझ्या सल्ल्याबद्दलची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगा नववीत आहे, त्याला घोडे काढायचा नाद आहे, आणि ‘महिनाभर नारळ शेड करा, बोटाने घासू नका’ असं सांगून मी त्याच्या उत्साहावर पाणी ओततो. शिवाय माझ्या चित्रातला पांढरा घोडा मळकट राखाडी दिसतो. आणि गोव्यात घोडे दिसतातच कुठे, मग फोटोवरून शेडिंग शिकलं तर काय बिघडलं?

पांढऱ्या घोड्याचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. मी मागचा कागद कोरा ठेवला, आणि कोऱ्यावर पांढरं उठावं म्हणून अंगावरच सावल्या चढवत गेलो. मागे चिऱ्यांची भिंत आधी ४बीच्या गडद पेन्सिलीने भरली असती, तर घोडा आपसूक उजळला असता आणि अंगाला त्याहून फिक्या एचबी पेन्सिलीचा हलका हात पुरला असता. काळं राखून ठेवायचं ते नाकपुड्या, ओठ आणि डोळ्यांसाठी. बहुतेक पांढऱ्या घोड्यांची केसांखालची कातडी काळी असते, त्यामुळे तिथे गडद रंग शोभतो. ते चित्र मी नव्याने काढायला घेतलंय.

बोटाने घासण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. बोटाला तेल असतं, आपल्याकडे घामही. ग्रॅफाइट त्यात बसलं की खोडरबराने उठत नाही. पावसाळ्यात कागद सर्द झालेला असेल तर खोडताना तो सोलवटतो. पण खरं कारण वेगळं आहे. घासलं की सगळ्या कडा सारख्याच मऊ होतात, आणि घोड्याच्या अंगावर त्या तशा नसतात. डोळ्याखालून नाकाकडे उतरणारं गालाचं हाड पाहा. तिथे उजेड आणि सावली यांच्यामध्ये जवळजवळ रेघच असते. पोटावर तोच बदल वीतभर जागेत सावकाश होतो. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली तर मांस नसतंच, हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या, ताणलेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा असतात. ते सगळं घासून गुळगुळीत केलं की पाय केळीच्या खांबासारखा दिसतो. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सने १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेची चित्रं छापली, त्यासाठी त्याने मेलेल्या घोड्यांचे थर एकेक करून सोलले होते. मुलाने तेवढं करायची गरज नाही. पण कुठे हाड आहे आणि कुठे मांस, हे कळल्याशिवाय पेन्सिल कुठे दाबायची ते कळत नाही.

नारळ सांगितला तो त्यासाठीच. सोललेला नारळ खिडकीपाशी ठेवा. त्याला तीन धारा असतात. धारेवर उजेड एकदम वळतो, दोन धारांमधल्या फुगवट्यावर हळूहळू. घोड्याच्या खांद्यावर आणि मागच्या पुठ्ठ्यावर हेच घडतं, फक्त तिथे केसांची चकाकी डोळ्यांना चकवते. तरी महिना जास्त झाला, हे मान्य. आठवडा पुरे. त्या आठवड्यातही त्याला रोज एक घोडा काढू द्या, नाद तुटता कामा नये.

आता फोटो. बार्देशात एका ओळखीच्या घरी तांबूस घोडा आहे, तो मी सकाळी अकराच्या उन्हात अंगणात पाहिला. पाठीवर आभाळाची निळसर झाक होती. पोटाची अगदी खालची कड तांबड्या मातीवरून उसळलेल्या उजेडाने पुन्हा उजळली होती, आणि सर्वांत गडद पट्टा तिच्या चार बोटं वर होता. त्याच वेळी मी मोबाईलवर फोटो घेतला. त्यात पोट सरसकट काळं आलं. त्या फोटोवरून शिकणारं मूल पोट काळं करून मोकळं होईल, आणि घोडा कागदावर चपटा पडेल.

आणि गोव्यात घोडे नाहीत असं कसं म्हणता? शिगम्यात सत्तरीत किंवा डिचोलीत घोडेमोडणीला, म्हणजे कमरेला घोडा बांधून करतात त्या नाचाला, घेऊन जा त्याला. त्या घोड्यांची तोंडं लाकडाची. त्यांवर केसांची चकाकी नाही, त्यामुळे गाल, जबडा, नाक यांचे उतार वेगवेगळे दिसतात. ढोल-ताशे सुरू व्हायच्या आधी मांडावर, म्हणजे गावातल्या नाचाच्या जागी, पोचा, तेव्हा ते घोडे स्थिर असतात. वहीवर फक्त दोनच छटा करू द्या: उजेडातलं कोरं, सावलीतलं भरलेलं. ते कागद घासण्याआधीच मला पाठवा, मी प्रत्येकावर लिहून कळवीन.