व्हिजिट चार्ज हवाच
इलेक्ट्रिशियनने कामाचे दर कसे ठरवावेत, यावरच्या लेखात ‘छोट्या कामांना तासाचा दर लावा’ असा सल्ला आहे; तो अपुरा वाटतो. स्विच दहा मिनिटांत बदलतो, पण जाण्यायेण्याचा वेळ कोण भरून देणार? किमान व्हिजिट चार्ज हवाच, आणि तो फोनवरच सांगावा. दर काढताना वर्षाचा खर्च अधिक स्वतःचा पगार, भागिले फक्त बिल होणारे तास. दिवसाचे आठही तास धरले की तोटा ठरलेला.

फॉल्ट शोधण्याचं गणित मात्र वेगळं. आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) अधूनमधून ट्रिप होत असेल तर एकेक सर्किट सोडवून मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासावं लागतं. दुरुस्ती किरकोळ निघते आणि मग ‘एवढ्याचे एवढे?’ ऐकावं लागतं. तिथे तपासणीचे पैसे वेगळे लावावेत. आणि हो, ‘आलाच आहात तर पंखाही बघा’ हेसुद्धा बिलात यायला हवं.