बिनपगारी पाळकसाहेब

पुण्यातल्या मोठ्या चर्चमध्ये लपायला जागा भरपूर. खांबाच्या आडोशाला बसा, गायकवृंदाच्या मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभे राहा, नाहीतर पार्किंग बघणारा स्वयंसेवक म्हणून थेट बाहेरच थांबा. माझी बँकेतली सगळी नोकरी या तीन जागांच्या आधाराने पार पडली. मग निवृत्त झालो आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांनी दारात उभं राहून ते वाक्य उच्चारलं, "आता काय, तुम्ही मोकळेच!"

या एका वाक्यातून पुण्यात कितीतरी सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे खजिनदार जन्माला आलेत. मी जन्माला आलो तो पाथर्डीकडच्या छोट्या छोट्या मंडळ्यांचा हौशी उपदेशक म्हणून. तिकडे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एकच आणि त्यांच्या पदरी गावं फार. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी पुण्याहून कुणीतरी जायचं, उपासना चालवायची, संदेश द्यायचा. मानधन नाही. प्रवासखर्चाचं विचारलं तर पंचांनी डोळे मिटले. मला वाटलं हिशोब करतायत. ते प्रार्थना करत होते.

"अहो, तुम्हाला घरातल्या चौघांपुढे धड बोलता येत नाही," बायको म्हणाली.

"तिकडेही चौघंच असतील," असं मी हसत म्हणालो. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

तसं आमचं मूळ नगरकडचंच. पुण्यातल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांचं तसं आहे. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले, 1831 साली त्यांनी नगरला ठाणं दिलं आणि तिथून घोड्यावर, बैलगाडीत गावोगाव फिरले. त्यांच्या कष्टांच्या गोष्टी आम्ही शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, गहिवरून ऐकल्या आहेत. आता मी त्या जरा हात राखून ऐकतो. रविवारी संध्याकाळी परतताना शिक्रापूर ते वाघोलीच्या कोंडीत बसायची वेळ आली असती, तर त्या मंडळींनी नगरलाच कायमचं घर केलं असतं. आणि नीट पाहिलं तर त्यांनी तेच केलं.

जायचं वाकडेवाडीहून पहाटेच्या एसटीने नगरला, तिथून दुसरी गाडी धरून करंजी घाटातून पुढे. गाडीत बायकांना 2023 पासून निम्मं तिकीट, पासष्टीच्या पुढच्यांना निम्मं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. मी पुरुष आणि पासष्टीच्या अलीकडचा. पूर्ण पैसे मोजणारा असा प्रवासी भेटला की कंडक्टरच्या नजरेत जो आदर दिसतो, तो मला बँकेत मॅनेजर असतानाही कुणी दाखवला नव्हता.

गावात उतरलो की पाळकसाहेब होतो. मी पाळक नाही, मला दीक्षा नाही, मी फक्त मोकळा आहे, हे सगळं सांगून झालं. "आसंल, आसंल. सलाम, पाळकसायब," एवढंच उत्तर मिळतं.

उपासनेची वेळ दहा. दहाला मी, एक घंटा आणि घंटा वाजवणारा पोरगा. साडेदहाला दोन आज्या. सुरुवात केली की एकेक जण येत राहतो, आणि इथेच छोट्या मंडळीची खरी दहशत कळते. पुण्यात उशिरा येणारा मागच्या दाराने आत सरकतो. इथे दार एकच, ते माझ्या समोर. आलेला माणूस सगळ्यांना सलाम करतो, सगळे त्याला सलाम करतात, म्हशीची चौकशी होते आणि मग मंडळीचे वडील, म्हणजे तिथले कारभारी, माझ्याकडे वळून म्हणतात, "सायब, मागलं जरा सांगा. ह्ये आत्ता आलेत." माझा संदेश त्यामुळे एका रविवारी अनेकदा सुरू होतो. संपतो मात्र एकदाच, तेही कुणाची तरी गाडी असते म्हणून.

पहिल्या रविवारसाठी मी पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, निवडला होता. म्हटलं, शेतकऱ्यांची मंडळी आहे, जवळचा विषय. तीन मुद्दे काढले, दोन जाड ग्रंथ चाळले. पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीत, काही काटेऱ्यांत, इथपर्यंत आलो आणि दुसऱ्या सतरंजीवरून हात वर झाला.

"सायब, पाभर नव्हती का त्यांच्यात?"

पाभर म्हणजे पेरणीचं अवजार. मी म्हटलं, त्या काळी हाताने बी फेकत असावेत.

"फोकून पेरलं तरी वाटंवर कोन टाकतंय? बी काय फुकट मिळत होतं व्हय?"

यावर मंडळीत फूट पडली. एका बाजूचं म्हणणं, पेरणारा नवशिका असणार किंवा जमीन मालकाची असून हा वाट्याने करत असणार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आधी काटेरी काढून दोन पाळ्या घातल्या असत्या तर दाखल्याची वेळच आली नसती. चांगल्या जमिनीतल्या तीसपट, साठपट, शंभरपट पिकावर आलो तेव्हा एकाने वाण विचारलं. माझे तीन मुद्दे खिशातच राहिले. त्यांच्याकडे पाऊस कधी येतो यावर पेरणी ठरते. बियाणं वाया जाणं म्हणजे काय हे समजावून सांगायला मी कोथरूडहून आलो होतो.

पुढच्या खेपेला सावध होऊन हरवलेलं मेंढरू घेतलं. मागे एक म्हातारे बाबा कायम डोळे मिटून बसतात. त्यांनी आयुष्यभर शेळ्यामेंढ्या राखल्या आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून मेंढपाळ एकाला शोधायला गेला, असं मी म्हणताच त्यांनी डोळे उघडले.

"आन् त्या नव्व्यान्नवांकडं कोन?"

पुण्यात इतकी वर्षं हा दाखला ऐकला, पण नव्व्याण्णवांची काळजी कुणी केल्याचं आठवत नाही. आम्ही सगळे स्वतःला हरवलेलंच समजत होतो. बाबांनी सबंध आठवडा त्यावर विचार केला म्हणे, आणि मला फोन करून निकाल कळवला, "सोबत गडी आसंल. लिहायचं राहिलं आसंल."

चुकून निसटावं म्हटलं तर समोर मुक्ती मिशनच्या आजी. लहानपण केडगावला गेलेलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, त्यांच्या मिशनमध्ये वाढल्याचा आजींना सार्थ ताठा आहे. मी वचन वाचतो तेव्हा त्या पुस्तक उघडत नाहीत. माझ्यापुढे अर्धा शब्द चालतात, आणि मी ओळ गाळली की थांबून माझी वाट बघतात.

गाण्याची त्यामानाने काळजी नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे नारायण वामनांनी, अभंग, ओवी, कीर्तन सगळं चर्चमध्ये आणून ठेवलं, त्यामुळे इथे टाळ आणि ढोलकीवर भागतं. फक्त सूर आजी देतात. तो त्यांना जमतो, ढोलकीला चालतो, आणि माझ्या गळ्याला दोन दिवस बसवतो.

शेवटच्या "आमेन"नंतर पुण्यात लोक चपला शोधतात. इथे पासबुकं निघतात. मी बँकेत होतो ही बातमी पाथर्डी तालुक्यात सुवार्तेहून वेगाने पसरली आहे. केवायसी, आधार जोडणी, पीकविम्याचे न आलेले पैसे, आणि एकदा तर शेजारच्या वस्तीवरचे, मंडळीशी काडीचा संबंध नसलेले गृहस्थ मुलीच्या शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन शेवटच्या सतरंजीवर शांतपणे बसलेले. संपूर्ण संदेश ऐकला त्यांनी. मधे उशिरा आलेल्या एकाला मागलं सांगितलं तेही त्यांनीच, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

मग घरभेटी. प्रत्येक घरी प्रार्थना आणि प्रत्येक घरी चहा. 1890 साली आमच्या पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा झाला, गोपाळराव जोश्यांनी पाहुण्यांची यादी फोडली, आणि तेवढ्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण गेलं. एका चहाला एवढं, तर माझ्या रविवारचं काय मोजायचं? नको म्हणायची सोय नाही. एका घरी अर्धा कप घेतला तर पुढच्या घरापर्यंत बातमी आधी पोचते, "पाळकसायबांना त्यांच्याकडला आवडला नाय," आणि हे त्या पुढल्या घरी फार आनंदाने सांगितलं जातं.

दसरा-दिवाळी झाली की मंडळी रिकामी होते. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते. जोडपंच्या जोडपं, ज्याला तिकडे एक कोयता म्हणतात, ट्रॅक्टरला संसार बांधून साखर कारखान्यांकडे निघतं ते मार्च-एप्रिलला परत. नाताळला चर्चमध्ये आज्या आणि नातवंडं. येशूजन्माच्या नाटकात योसेफ मिळत नाही, मागच्या वर्षी तो एका आजीने केला. नाताळ जरा चैत्रात घेता येईल का, असं वडिलांनी मला गंभीरपणे विचारलं. मी वर विचारून सांगतो म्हटलं. त्यांनी वर म्हणजे पुणे असा अर्थ घेतला आणि अजून वाट बघतायत.

म्हणून हंगामाचा सण कोयते निघायच्या आत उरकतात. बाजरी, वांगी, भोपळा, अंडी, जे पिकलं त्यातलं देवाला, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. पुकारा अर्थातच बँकवाल्याने करायचा. यंदा कोंबडा होता. दोनशेला गेला. घेणाऱ्याने तो लगेच परत दान केला. पुन्हा लिलाव, अडीचशे, पुन्हा दान. बँकेत एकाच तारणावर मी इतक्या जणांना कर्ज दिलं असतं तर आत गेलो असतो. इथे लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी मुक्तीच्या आजींनी त्याला साडेतीनशेला घेतला, पाय बांधले आणि माझ्या मांडीवर ठेवला. "पाळकसायबांना. नाय म्हनू नका."

कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर तो पहाटे चारला आरवला. पाचपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सगळे जागे होते. बायको काही बोलली नाही, तिने फक्त मोठं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं. तेवढ्यात गावच्या वडिलांचा फोन.

"सायब, कोंबडा बरा हाये ना? कापू नका. पुढच्या रविवारी शेवगावकडच्या मंडळीचा सण हाये. येताना घेऊन या, तिथं लावू."