तो सिलिंडर नाही, मडकं आहे

परवा सकाळी सातला आत्याचा फॉरवर्ड आला. मेक्सिकोतल्या कोलिमाची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भाजल्या मातीची मूर्ती: वाकलेला माणूस, पाठीवर भलंमोठं काहीतरी. खाली मजकूर: 'हा अंतराळवीर! पाठीवर प्राणवायूचं सिलिंडर, डोक्यावर हेल्मेट, दोन्हींना जोडणारी नळी. हे माया लोक म्हणजे मयासुराचे वंशज. ज्यांना चाक माहीत नव्हतं ते पिरॅमिड कसे बांधतील? शास्त्रज्ञ हे लपवतात.' वर आत्याची भर: 'पुढे पाठव.' नाही पाठवत.

आधी ती नळी. तो पट्टा आहे. कपाळावरून मागे जातो आणि पाठीवरचं ओझं तोलून धरतो. मेक्सिकोत त्याला मेकापाल म्हणतात. आत्या, गेल्या वर्षी केदारनाथला तू कंडीत, म्हणजे हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत, बसून वर गेलीस ना? तुला वाहून नेणाऱ्या नेपाळी मुलाच्या कपाळावर काय होतं? नामलो. तोच पट्टा, तीच युक्ती. तेव्हा तुला तो अंतराळवीर वाटला नाही; दोनशे रुपयांसाठी घासाघीस केलीस त्याच्याशी. मातीत घडवलेला हमाल मात्र लगेच परग्रहावरचा!

स्पॅनिश लोक 1519 साली उतरले तेव्हा त्यांना हे हमाल जागोजाग भेटले. त्यांचा सेनापती कोर्तेस, त्याच्या सैन्यातला शिपाई बर्नाल दियास त्यांना 'तामेमे' म्हणतो आणि हिशेबही देतो: पाठीवर दोन आरोबा, म्हणजे साधारण 23 किलो, आणि मजल पाच लीगांची, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर. सेंपोआला या तिथल्या गावाच्या प्रमुखाने असे चारशेहून अधिक हमाल दिले, असंही तो लिहितो. दियास आणि कोलिमाच्या मूर्ती यांच्यात सुमारे पंधराशे वर्षं आहेत, मुलूखही वेगळा, हे कबूल. पण कपाळपट्टा बांधून ओझी वाहणारी माणसं डोळ्यांसमोर असताना सिलिंडर कशाला शोधायचं?

चाकाबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. गाड्या नव्हत्या. पण चाक माहीत होतं: मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर वेराक्रूझकडे चाकं लावलेले मातीचे छोटे प्राणी सापडले आहेत. गाडीला जुंपायला बैल नाही, घोडा नाही. मग ओझं माणसाच्याच पाठीवर येणार. म्हणून तर हमालाची मूर्ती!

मयासुराचं काय सांगू? कोलिमा पॅसिफिकच्या बाजूला, माया लोकांचं युकातान तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेला. या मूर्ती त्यांच्या नाहीतच.

'लपवतात' म्हणे. या मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे मांडलेल्या आहेत. खरा घोळ वेगळाच. खोल विहिरीसारख्या थडग्यांतून बहुतेक मूर्ती चोरांनी उपसल्या, त्यामुळे कुठली कोणाशेजारी होती हा पुरावाच गेला. शेजारच्या हालिस्कोत उइत्सिलापाचं न लुटलेलं थडगं 1993 मध्ये मिळालं, तेव्हा कुठे सगळं जागच्या जागी पाहता आलं.

आणि आत्या, एक राहिलं. कोलिमाच्या अशा पुष्कळ मूर्ती आतून पोकळ, म्हणजे खरं तर भांडीच. पाठीवरच्या ओझ्याचं तोंड हेच भांड्याचं तोंड. वरून उघडं सिलिंडर घेऊन अंतराळात कोण जातं, ते तूच विचार ग्रुपवर.