आकाशातून पडणारी खोकी आणि पिशवीवरचा फोटो

२०२५च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' मिळणार नाही हे कळलं आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडले. २०२२च्या दिवाळीत सुरू झालेली ही महाराष्ट्र सरकारची रेशनकार्डावरची योजना. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. एक जण म्हणाला, गरिबाच्या घरचा सण काढून घेतला. दुसरा म्हणाला, बरं झालं, तिजोरी वाचली. तेवढ्यात एकाने व्हिडिओ टाकला. लष्करी विमानाच्या शेपटीकडून पॅराशूट लावलेली खोकी सुटतायत आणि खाली निळ्या पाण्यात होड्या त्यांच्याकडे धावतायत. खाली ओळ होती: 'याला म्हणतात दान! ना फोटो, ना गाजावाजा.'

मी टोकियोच्या पश्चिमेला, फुस्सा गावात राहते. व्हिडिओतली विमानं इथल्याच योकोता या अमेरिकी हवाई तळावरची. डिसेंबरात ती पॅसिफिक महासागरातल्या गुआम या अमेरिकी बेटावर जातात आणि तिथल्या अँडरसन तळावरून मायक्रोनेशिया, पलाऊ या बेटांच्या देशांकडच्या पन्नासेक दूरच्या बेटांवर नाताळची खोकी टाकतात. तळ लोकांसाठी उघडतो त्या दिवशी मी असल्या विमानाच्या पोटात उभी राहिले आहे. जमिनीवर लोखंडी रूळ, भिंतीला लाल जाळीच्या बैठका आणि मागे उघडी उतरण. दोनशे किलोच्या आसपासचं बंडल त्या रुळांवरून घरंगळत बाहेर जातं. विमान इतकं खाली आलेलं असतं की किनाऱ्यावरची माणसं दिसतात. खोक्यात तांदूळ, मासेमारीचं सामान, कोयते, वह्या, कपडे, खेळणी. पॅराशूटही वाया जात नाही, त्याचं कापड सावलीला येतं.

१९५२ साली हवामान टिपणाऱ्या एका अमेरिकी बी-२९ विमानाला मायक्रोनेशियातल्या कापिंगामारांगी बेटावरच्या लोकांनी हात हलवले, वैमानिकांनी जवळ होतं ते बांधून खाली सोडलं, तिथून हे सुरू झालं. तेव्हापासून खोकी पडतायत. मला हे मनापासून आवडतं. ज्या बेटाला जहाज कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे डिसेंबरात विमान येणार एवढं नक्की असणं ही मोठी गोष्ट आहे.

पण 'ना गाजावाजा' हे खरं नाही. अमेरिकी हवाई दल दरवर्षी याची छायाचित्रं आवर्जून प्रसिद्ध करतं. आणि हे निव्वळ दानही नाही. सामान देणगीतून जमतं, उड्डाण मात्र लष्करी सरावात धरलं जातं: छोट्या बेटाजवळ, कमी उंचीवरून, नेमक्या जागी सामान टाकायचा सराव. २०१५पासून जपान आणि ऑस्ट्रेलियाची विमानंही असतात. याच बेटांवर दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानचं राज्य होतं. आज मायक्रोनेशियाचं संरक्षण करारानुसार अमेरिकेकडे आहे आणि तिथला नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत राहून काम करू शकतो. पॅसिफिकमध्ये चीनशी चाललेली ओढाताणही सगळ्यांना दिसते. खोकी या सगळ्याच्या मधोमध पडतात.

त्या विमानांची दुसरी बाजू माझ्या शेजारच्या आजींना विचारावी. घरघर सुरू झाली की त्या बोलायच्या थांबतात, विमान गेलं की वाक्य पुढे सुरू करतात. योकोताच्या आवाजाविरुद्ध इथले रहिवासी वर्षानुवर्षं कोर्टात लढले. नुकसानभरपाई मिळाली, उड्डाणं काही थांबली नाहीत.

तरीही एक गोष्ट आपण त्या खोक्यांकडून घ्यावी. सामान कुणी दिलं, विमान कुणाचं आणि त्यात लष्कराचा काय फायदा, हे तिथे कुणी लपवत नाही. सराव आहे, असं ते स्वतःच सांगतात.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. शिध्याचा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे काडेपेटी विकत घेतानाही कर भरणाऱ्या त्याच रेशनकार्डवाल्या बाईचा. आणि पिशवीवर फोटो नेत्यांचे. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे गहू-तांदळाच्या पाकिटांवरही असेच स्टिकर लागले होते. घर पाण्यात गेलेल्या माणसाच्या हातात तसं पाकीट द्यायचं, याचा मला तेव्हा आला तेवढाच राग आजही येतो. फोटो लावला की हक्काचा माल मेहेरबानी होतो, आणि मेहेरबानी कधीही बंद करता येते. दीड कोटीहून जास्त कार्डांना मिळणारा शिधा असाच बंद झाला. ग्रुपवर मात्र वाद चालला होता गरिबाला फुकट द्यावं की नाही यावर.

माझं मत विचाराल तर शिधा पुन्हा सुरू करा. अंदाजपत्रकात त्याची तरतूद आधीच करा, निवडणूक असो वा नसो. पिशवी कोरी ठेवा, छापायचंच असेल तर आत काय, किती आणि सरकारी खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षातून, एवढंच छापा. आणि पहिल्या वर्षी कित्येक गावांत झालं तसं रेंगाळू न देता धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी रेशन दुकानात पोचवा, म्हणजे करंज्यांसाठी रवा विकत आणावा लागणार नाही.