‘फुल एचडी आहे ना, मग झालं!’ नाही, एवढ्यावर नाही भागत

स्वस्त कॅमकॉर्डरबद्दल एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. स्वस्त काय, महाग काय, दोन्ही फुल एचडीच. खोक्यावर ‘किमान प्रकाश १ लक्स’ (लक्स हे उजेड मोजायचं एकक) लिहिलंय, म्हणजे अंधारातही चालतो. चित्र काळपट आलंच तर एडिटिंगमध्ये उजळून घ्या. पुरावा म्हणून सोबत भर उन्हातली एखादी झकास क्लिप असते.

आधी ‘दोन्ही फुल एचडीच’ हे घेऊ. १९२० गुणिले १०८० हा चित्रातल्या ठिपक्यांचा हिशेब झाला. प्रत्येक ठिपक्याला उजेड किती मिळतो, हे त्यातून कळत नाही. बऱ्याच बजेट मॉडेलचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असतो. ‘एक इंची’ म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरची रुंदी १३.२ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ पंधरापटींहून जास्त. कडक उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, तिथे हा फरक झाकून जातो. रात्री दिव्याखालच्या खोलीत शंभरेक लक्स मिळाले तरी पुष्कळ. मग कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे सेन्सरचा सिग्नल विजेने फुगवतो. दर ६ डेसिबलला सिग्नल दुप्पट, १८ डेसिबलला आठपट, आणि त्याबरोबर नॉइजही तेवढाच. हे रवाळ कण प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्याने कॉम्प्रेशनचा बराच बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला मिळणारा डेटा) त्यांच्यावरच खर्ची पडतो. काळे केस, गडद कापडाची वीण यांचा लगदा होतो तो इथे. उन्हातली क्लिप यातलं काहीच दाखवत नाही.

‘१ लक्स’चं म्हणाल, तर सगळे उत्पादक तो आकडा एकाच पद्धतीने काढत नाहीत. गेन पूर्ण चढवून, शटर (एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ) १/२५ सेकंदापर्यंत मंदावून काहीतरी दिसलं, तरी तो छापता येतो. त्या शटरला हलता हात मागे शेपूट सोडतो. ‘० लक्स’ लिहिलं असेल तर तो बहुधा इन्फ्रारेडचा खेळ: रंग गायब आणि पल्ला काही मीटरांचा.

झूमबद्दल हा सल्ला काहीच बोलत नाही, आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. लेन्सचा एफ-आकडा जितका मोठा, तितका आत येणारा उजेड कमी. लेन्स वाइडला (झूम न करता) एफ/१.८ आणि टेलीला (पूर्ण झूमवर) एफ/४ असेल, तर पूर्ण झूमवर उजेड जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. कमी उजेडात झूम सोडा, चार पावलं पुढे जा.

‘लाइटखाली पट्टे सरकतात, म्हणजे पीस खराब’ हाही असाच एक गैरसमज. ५० हर्ट्झ विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. काही स्वस्त एलईडी तरीही दाद देत नाहीत. तिथे दिवाच बदलावा.

एक मान्य: ढगाळ दिवशी उघड्यावर हेच स्वस्त कॅमेरे उत्तम काम देतात.

राहिलं एडिटिंग. ८ बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि काळोख्या भागाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. त्या ताणल्या की नॉइज फुलतो आणि भिंतीवर पट्टे उमटतात. खिडकीतला जळून पांढरा झालेला भाग तर परत येतच नाही. त्यापेक्षा चित्रण करतानाच साधा दिवा जवळ ओढा. लहान दिव्याचं चेहऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याचा उजेड चौपट होतो, म्हणजे गेन सुमारे १२ डेसिबलने उतरवता येतो.