गिटारला भोक

अकूस्टिक गिटारच्या बुडाशी एक बटण असतं. पट्ट्याचं एक टोक तिथे अडकतं. दुसरं टोक कुठे अडकवायचं, यावर कित्येक गिटार बनवणारे गप्प आहेत. बसून वाजवणाऱ्याला त्याचं सुखदुःख नसतं. मला मात्र उभं राहून वाजवायची हौस आली.

ही हौस बोलून दाखवल्याबरोबर घरादाराला मत फुटलं. मित्र म्हणाला, "भोकबिक पाडू नकोस रे. वर नाडी बांध." मार्ग जुना आहे. नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी; तिच्या पलीकडे, तारांच्या खालून नाडी ओवायची आणि पट्टा हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या भागाला लटकवायचा. लाकडाला ओरखडाही नाही. पण एफ कॉर्ड पकडताना, म्हणजे नटजवळ एकाच बोटाने सगळ्या तारा दाबताना, माझ्या तर्जनीचे आधीच हाल होतात, त्यात ती नाडी नेमकी तिथेच लुडबुडते. शिवाय सगळं वजन मानेच्या शेंड्यावर टांगलेलं, ते मला बघवेना.

म्हणजे बटण लावायचं ते हीलवर, मान जिथे बॉडीला जुळते त्या जाड भागावर. "मग बॉडीच्या बाजूलाच लाव की, केवढी जागा आहे!" असं बाबा म्हणाले. जागा आहे, पण ती फळी जेमतेम 2 मिलिमीटरची. त्या स्क्रूने पहिल्याच गाण्यात राजीनामा दिला असता.

हीललाही तीन बाजू. पाठीमागे, म्हणजे आपल्या पोटाकडच्या बाजूला बटण लावलं, तर गिटार पुढे कलते आणि जमिनीकडे पाहत राहते. श्रोत्यांना टाळण्याचं काम माझं आहे, गिटारने त्यात पडू नये. वरची, जाड तारांकडची बाजू सोयीची. पट्टा सरळ येतो, पण गिटारला अंगाशी धरत नाही. खालची, बारीक तारांकडची बाजू निवडली तर पट्टा हीलला मागून वळसा घालतो आणि गिटार अंगाशी चिकटून राहते. आक्षेप एकच: वरच्या फ्रेट्सवर, म्हणजे मानेवरच्या बॉडीलगतच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर जाताना बटण हाताला लागतं. कटअवे, म्हणजे तिथवर हात जावा म्हणून बॉडीला दिलेली खाच, असलेल्या गिटारवर तो रास्त आहे. माझ्या गिटारला कटअवे नाही, आणि मी पाचव्या फ्रेटच्या पुढे फक्त फडकं घेऊन जातो. खालची बाजू मुक्रर झाली.

पण मान बोल्टने जोडलेली असेल तर हीलच्या पोटात धातू असतो, आणि ड्रिल त्यावर आपटलं की संपलं. म्हणून मोबाइल तारांखालच्या गोल साउंडहोलमधून आत घालून फोटो काढले. बोल्ट नव्हते. एका कोपऱ्यात वाळकी झुरळं मात्र होती. माझं वादन इतक्या जवळून ऐकणारे तेवढेच.

मग ड्रिल. हीलच्या निमुळत्या टोकाशी लाकूड चिरतं, म्हणून खूण जाड भागात केली. बॉडीपासून एवढी लांब की पट्ट्याचं कातडं मध्ये मावेल. स्क्रूचे आटे सोडून मधला गाभा जेवढा, तेवढंच बारीक बिट घेतलं. खोली कळावी म्हणून त्यावर मास्किंग टेप गुंडाळली. ड्रिल सुरू होताच बाबा दारात उभे: "चांगल्या वस्तूला भोक पाडतोस?" या प्रश्नाला चालू ड्रिलने उत्तर देता येत नाही. ते बंद केलं, बाबांना चहा करायला पाठवलं, आणि भुसा टेपपर्यंत पडू दिला. स्क्रूला साबण चोळला, बटणाखाली फेल्टची चकती घातली आणि हाताने पिळला. यंत्राने पिळला की मुंडकं तुटून दांडा आत राहतो, आणि मग तो काढायला खरंच कारागीर लागतो.

पट्टा लावला. गिटार सरळ राहिली.

नाडीपक्षाचा मित्र बघायला आला. बटण ओढून पाहिलं, गळ्यात अडकवून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ठीक आहे. मी वरच्या बाजूला लावलं असतं." जाताना ड्रिल मागून घेऊन गेला. त्याच्या गिटारची मान बोल्टची आहे. हे त्याला फोन करून सांगावं की आणखी थोडं थांबावं, याचा विचार करतोय.